पायपुसणं शिवण्याची सोपी रीत

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना: या लेखात बाळाचे कपडे शिवायचे नाहीत.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, डोहाळजेवण झालं आहे, आठवा लागला आहे, तिला चालताना स्वतःची पावलं दिसत नाहीत. तरीही तुम्ही काहीही शिवत नाही आहात. शेजारची काकी खळ्यातून हाक मारून विचारील, "काय शिवतंस गो?" उत्तर एकच, तोंडपाठ करून ठेवा: "पायपुसणा."

मालवणात, आणि खरं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या घरांत, बाळ यायच्या आधी त्याची तयारी उघडपणे करत नाहीत. पाळणा आणत नाहीत, नवं कापड फाडत नाहीत, नाव ठरवलं तरी उच्चारत नाहीत. हसू नका. ज्या काळात घराघरातल्या ट्रंकेत एखादं न वापरलेलं झबलं तळाशी घडी घालून ठेवलेलं असायचं, त्या काळात बायकांनी स्वतःला घालून घेतलेला हा नियम आहे. पण त्याच बायकांना हेही पक्कं माहीत होतं की बाळ आलं की पहिल्या दिवसापासून त्याला डझनाने लंगोट लागतात, आणि ते आभाळातून पडत नाहीत. म्हणून नियमाला त्यांनीच एक चोरवाट ठेवली. नवं शिवायचं नाही. जुनं दुरुस्त करायला कोणाची ना नाही.

ती चोरवाट म्हणजेच हा लेख.

लेखिकेची पात्रता: तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. शिवणाचा अनुभव, नवऱ्याच्या शर्टाची तीन बटणं. त्यातलं एक अजून जागेवर आहे.

साहित्य

१. जुनी सुती नऊवारी लुगडी, तीन.
२. जुनं सुती धोतर, एक.
३. हाताने शिवायच्या बारीक सुया, पाच. मोजून. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे.
४. पांढरं सुती रीळ.
५. शिवणयंत्र. चालणारं असेल तर उत्तम. समुद्राच्या खाऱ्या हवेत यंत्राचं चाक वर्षभर हललं नाही की गंज धरतं. आमच्या यंत्राचं नऊ वर्षं हललं नव्हतं. तेल घालून, घासलेटाने पुसून ते फिरलं तेव्हा त्यातून पालीचं एक अंडं आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचा हूक निघाला.
६. सासूबाई, एक. वय ब्याऐंशीच्या पुढे, दृष्टी कमी, नजर तीक्ष्ण. याला पर्यायी साहित्य नाही.

कापड कसं ओळखावं

बाळाच्या अंगाला सुतीच कापड हवं, आणि तेही वापरून मऊ झालेलं. नव्या कापडाला खळ असते. ती धुतल्यावर निघते, पण नवेपणा चार-दोन धुण्यांत जात नाही. त्याला माणूस लागतं. "ह्या लुगडा ईस वर्सा नेसलंय," सासूबाई म्हणाल्या, "तेवा खंय मऊ झाला." म्हणजे दुपट्याच्या कृतीतली पहिली पायरी वीस वर्षांची आहे आणि ती दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली असावी लागते. ज्यांच्याकडे अशी व्यक्ती नसेल त्यांनी आजपासून नेसायला सुरुवात करावी.

सुती की मिश्र, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. चार दोरे उपसा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचाच येतो आणि बोटावर राखेचा भुगा उरतो. पॉलिएस्टर वितळतं, गोळा होतं आणि गार झाल्यावर कडक मणी बनतो. मी आधी स्वतःच्या साडीची परीक्षा घेतली. "शंभर टक्के कॉटन, ताई" असं शपथेवर सांगून ती मला विकलेली होती. चांगला टपोरा मणी झाला. तो मी जपून ठेवला आहे.

सासूबाईंच्या लुगड्यांचा एकही मणी झाला नाही. सासरे लालबागच्या गिरणीत होते. दर गणेशचतुर्थीला गावी येताना कापड घेऊन यायचे, कोकणातल्या घराघरात तेव्हा असंच कापड यायचं. मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. सासरे कायमचे गावी आले. आमच्या ट्रंकेतला सुताचा साठा त्या वर्षी थांबतो. त्याच्या वरच्या थरात टेरिकॉट आहे, त्यावर नायलॉन, आणि सगळ्यांत वर माझ्या साड्या. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यायला हरकत नाही.

कापणी, म्हणजेच वस्त्रहरण

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते साता समुद्रापार नेलं. आमच्या घरातला प्रयोग वैशाखात माजघरात झाला. फरक एवढाच की इथे लुगडं पुरवायला कृष्ण नव्हता. म्हणून आधी हिशोब.

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा ४५ इंच. दोन्ही बाजूंचे काठ सोडवले की उरले ४० इंच. काठ टाकू नका, त्यांचे बंद होतात. आता लुगडं उजेडासमोर धरा. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग झिरझिरीत झालेला दिसेल, साधारण १०८ इंच. तो वेगळा करा. उरले २१६. त्यातून चाळीस बाय चाळीसची चार दुपटी, म्हणजे १६० इंच. राहिलेल्या ५६ इंचांत वीस-वीस इंचांचे चार लंगोट. झिरझिरीत भागातून दहा चौकोन निघतात, ते दुहेरी करून पाच लंगोट. एका लुगड्याला चार दुपटी, नऊ लंगोट. तीन लुगड्यांची बारा दुपटी आणि सत्तावीस लंगोट. साडेचार मीटरच्या धोतरातून आणखी सोळा. एकूण लंगोट त्रेचाळीस.

लागणार किती? दिवसाला बारा, आणि आषाढात वाळायला तीन दिवस. म्हणजे छत्तीस. उरले सात. त्यांना पायपुसणी म्हणा, कोणी विचारलं तर दाखवायला.

हा हिशोब मी वहीत आकृतीसह मांडून सासूबाईंना दाखवला. त्यांनी वही बाजूला ठेवली, लुगड्याच्या काठाला दातांनी बारीक चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड फर्रकन फाडलं. सरळ दोऱ्यात, एक सूतही इकडेतिकडे नाही. कात्रीने कापलेलं माझं दुपटं आजही समलंब चौकोन आहे.

पायरी १: लंगोट

चौकोन कर्णावर दुमडा, त्रिकोण झाला. दोन टोकांना काठाचे बंद लावा. बटण नको, हूक नको, सेफ्टी पिन तर नकोच. बंद वितीपेक्षा लांब ठेवू नका, लांब बंद बाळाच्या बोटात किंवा गळ्यात अडकतो. कडा दुमडून धावदोरा घाला. त्रेचाळीस वेळा करा. विसाव्या लंगोटाला तुम्हाला शिवण येऊ लागेल आणि तिसाव्याला ती नकोशी होईल.

पायरी २: टाका

मी एका झबल्याला यंत्रावर बारीक, घट्ट टीप मारली होती. एका इंचात चौदा टाके. दाखवायला नेली. माझा दीर तेव्हा पडवीत रापणीचं जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, "वयनी, ह्या सुरमयेक पण फाडूक गावाचा नाय." मी खूश झाले. सासूबाईंनी बोट फिरवून विचारलं, "एवढी घट्ट? मगे उसवतला कोण?"

कोण कशाला उसवेल, हे मला तेव्हा कळलं नाही. तुम्हालाही आत्ता कळणार नाही. नवशिक्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: जाळ्याची गाठ कधी सुटता कामा नये, आणि झबल्याची शिवण एका ओढीत सुटली पाहिजे. हातशिवण, लांब टाका, शेवटी एकच गाठ.

पायरी ३: झबलं

कापड दुहेरी घ्या. रुंदी दहा इंच, लांबी बारा, वर दोन आखूड बाह्या. समोरून पूर्ण उघडं, बांधायला दोन बंद. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा, आतली जाड कड नाजूक कातडीला घासते. म्हणजे झबलं जन्मतःच उलटं असतं. ज्यांच्याकडून झबलं नेहमीच उलटं शिवलं जातं, त्यांना ही एक पायरी सहज जमेल.

पायरी ४: टोपडं

जन्मताना बाळाचं डोकं छातीपेक्षा थोडं मोठं असतं. घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर. माप घ्यायला बाळ उपलब्ध नसल्यामुळे बागेत जा आणि चांगला मोठा नारळ सोलून घ्या. शेंडी ठेवा. मी टेप घेऊन अकरा नारळ मोजले, तेव्हा एक ३५ सेंटिमीटरचा सापडला. त्यावर टोपडं उत्तम बसतं आणि नारळ रडत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. टोपडी घातलेले तीन नारळ पडवीत ओळीने ठेवलेले असताना शेजारची काकी आली. बराच वेळ बघत राहिली. "पायपुसणा" हे उत्तर इथे चालत नाही, हे मला बोलून झाल्यावर कळलं. "नारळाक थंडी लागता?" एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळी मात्र तिने न सांगता एक जुनं, विटलेलं अंगडं पाठवून दिलं. तिच्या नातवाचं. तो आता सातवीत आहे आणि माडावर चढतो.

हे अंगडं सगळ्यांत आधी घालायचं. सुखरूप वाढलेल्या मुलाचं जुनं कापड नव्या बाळाच्या अंगाला आधी लागावं, ही रीत आपल्याकडचीच नाही. चीनमध्ये शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून बाळाचा झगा शिवायची जुनी पद्धत आहे. बंगालात आईआजीच्या जुन्या साड्यांचे थर लावून कांथा शिवतात आणि त्यात बाळ गुंडाळतात. फिनलंडमध्ये मात्र सरकारच आजी झालं: १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना बाळाच्या कपड्यांची पेटी मिळते, आणि रिकाम्या पेटीत बाळ झोपतं. तिथे खळ्यातून कोणी विचारत नसावं.

पायरी ५: मोहरीची उशी

वीतभर पिशवी शिवा, निम्मी मोहरी भरा, तोंड शिवून टाका. यावर डोकं ठेवलं की ते गोल होतं अशी समजूत. मी ही उशी सुंदर शिवली. मग तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंना अभिमानाने सांगितली. त्यांनी शांतपणे सांगितलं, पहिलं वर्षभर उशी नको, जाड पांघरूण नको, अंथरूण सपाट आणि घट्ट, आणि बाळ पाठीवर झोपवायचं. अमेरिकेत १९९४ पासून हेच सांगणारी मोठी मोहीम झाली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप खाली आलं.

सासूबाईंना हे कसं सांगावं या काळजीत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी उशी हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, "मगे उसव. फोडणेक होयत." तेव्हा मला वाटलं, बाई रागावल्या. त्या रागावल्या नव्हत्या. मोहरी वेगळी, पिशवी वेगळी. पिशवीचं त्यांनी त्याच दुपारी टोपडं केलं.

पायरी ६: पाळण्यावरचं चिमणाळं

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी, रंगीत खेळणी मिळतात. ती बारशाच्या वेळी आणावीत. आधी आणायची नाहीत, कारण काय ते पुन्हा सांगत नाही. तोवर काठाच्या तुकड्यांच्या चिमण्या शिवा. दोन पाकळ्या कापा, जोडा, उलटा, कापूस भरा, शेपटी लावा. माझ्या पाचही चिमण्या बांगडा माशासारख्या झाल्या. पोट पांढरं, पाठ हिरवी, शेपटी दुभंगलेली. सासूबाईंनी एक हातात घेऊन पलीकडे फिरवली. "बरा झाला. पॉर डोळे उघडून आदी बांगडोच बघतला." हाताला येणार नाहीत इतक्या उंचीवर टांगा आणि दोरा ओढून पाहा.

पायरी ७: सुया मोजणे

आता कालनिर्णय बघा. पाच. डबीत किती? चार.

ही पायरी प्रत्येक नवशिक्याला करावीच लागते. सगळी दुपटी झटका, सगळे लंगोट चुरगाळून बघा, लेकीला पलंगावरून हलवा, नवऱ्याला रेडिओच्या फुटक्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन जमिनीवर रांगायला लावा. बाळाच्या आधी घरात रांगणारं तेच पहिलं माणूस. पाचवी सुई साडेतीन तासांनी सापडली, माझ्याच पदरात, दोऱ्यासकट. तेव्हापासून नियम: सुई डबीत गेल्याशिवाय चहा नाही.

पायरी ८: वाळवणे

सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सगळा लंगोट वाळत घातल्यावर पडतो. न्हाणीघर, पडवी, माजघर, देवघराचा दरवाजा, सगळीकडे दोऱ्या बांधा. तरीही कपडे सुकत नाहीत, फक्त थंड ओले होतात. मग जुना उपाय: शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि धूप, वर वेताची टोपली पालथी आणि टोपलीवर लंगोट. तासाभरात कोरडे, ऊबदार आणि वासाचे. हे बाळापासून लांब, मागच्या पडवीत करायचं. धूर कपड्यांना द्यायचा, बाळाच्या नाकाला नाही. टोपलीजवळून हलायचं नाही. माझे लंगोट त्रेचाळीसचे एकेचाळीस याच पायरीत झाले.

शंका-समाधान

*गुलाबी शिवावं की निळं?* बाळ मुलगा की मुलगी हे आधी शोधणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि लुगडं हिरवं होतं.

*हे सगळं बाजारात तयार मिळत नाही का?* मिळतं. आमच्या लेकीने फोनवर मागवलंही. तीन दिवसांत खोकं आलं, त्यात सहा रंगीत झबली, हत्तीचं चित्र, पाठीवर कडक लेबल. सासूबाईंनी काही म्हटलं नाही. रात्री सगळी लेबलं उसवून ठेवली.

*कुंची कधी शिवायची?* बारशाला. ती मात्र नवी, खणाची, जरीकाठाची. तेव्हा बाळाला नाव असतं आणि शिवणाऱ्यांना तोंड असतं. त्याआधी खण आणून ठेवला तर तो ब्लाउजपीस आहे.

*दवाखान्याची पिशवी कधी भरावी?* ओरोसला जायचं की थेट गोव्यात बांबोळीला, हे शेवटच्या घटकेला ठरतं, म्हणून आठव्यातच. दुपटी चार, लंगोट बारा, झबली तीन, काकीचं अंगडं सगळ्यांत वर. पिशवीवर काही लिहू नका.

शेवटची पायरी: उसवणे

बाळ आषाढातल्या एका रात्री आलं. मुलगी. वजन दोन किलो सातशे. काकीच्या नातवाचं अंगडं तिला गुडघ्याच्या खाली पोचलं. टोपडं बरोबर बसलं. नारळाचे आभार.

आणि भाद्रपदात, घरात गणपती असताना, एका सकाळी झबल्याचे बंद जुळेनात. तीन महिनेही झाले नव्हते. इतक्या महिन्यांची मेहनत आणि ही बाई त्यातून बाहेर निघाली होती. मी ते झबलं आठवण म्हणून घडी घालून ट्रंकेत ठेवायला निघाले. सासूबाईंनी हात पुढे केला. "हाड हय. उसवया."

त्यांनी त्यांच्या झबल्याची गाठ कापली, दोरा धरला आणि ओढला. एका ओढीत पाठ, पोट, बाह्या सुटे झाले. पुन्हा कापडाचे सपाट तुकडे, एकही छेद नाही. मी माझं यंत्रावरचं झबलं घेतलं. एका इंचात चौदा टाके. ब्लेडने एकेक कापत दुपार गेली आणि दोन ठिकाणी कापड फाटलं. "एवढी घट्ट? मगे उसवतला कोण?" हा प्रश्न नव्हता, हे मला चार महिन्यांनी कळलं. ते उत्तर होतं, आणि ते माझं नाव होतं.

मग त्यांनी आपली वाकळ पसरली आणि तिच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पिवळ्या फुलांचं बोटभर चिट. तीस वर्षांपूर्वी माझ्या लेकीला मी विकत आणलेलं झबलं. ते हरवलं म्हणून तेव्हा मी दोन दिवस कुरकुरले होते. त्याच्या शेजारी सासऱ्यांच्या धोतराचा तुकडा होता, आणि त्याखाली आणखी कोणाचा तरी, रंग उडालेला. तो कोणाचा, हे मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही असं केलं आणि वाकळेची घडी घातली. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं कापडही पुढे कधीतरी उसवलं जातंच.

आता सगळे तुकडे धुऊन, सपाट करून, थराथराने ठेवले आहेत. सुया डबीत पाच.

शेजारच्या काकीच्या धाकट्या सुनेला हल्ली सकाळी चहाचा वास सहन होत नाही असं ऐकते. त्यावर कोणी काही बोललेलं नाही. मीही बोलत नाही. दुपारी जेवण आवरलं की पडवीत बसते आणि शिवते. हातशिवण, लांब टाका, शेवटी एकच गाठ. काल काकीने खळ्यातून विचारलं, "काय शिवतंस गो?"

"पायपुसणा," मी म्हटलं.

"माका दोन दी," काकी म्हणाली. "मऊ बघून."